हिरवा दिवा आणि लाल चिखल

कादंबरींतील रंगांचे अर्थ लावण्याची एक वहिवाट आपल्या महाविद्यालयांतून आतां चांगलीच रूढ झाली आहे. हिरवा म्हणजे आशा, पिवळा म्हणजे पैसा, पांढरा म्हणजे वरवरची शुचिता आणि करडा म्हणजे अधःपात, असें एक कोष्टक विद्यार्थ्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलेलें असतें. ज्या कादंबरीवर हें कोष्टक सर्वांत अधिक वेळां बसविण्यांत आलें आहे ती एफ्. स्कॉट फिट्झजेरल्ड या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेट गॅट्सबी' ही होय. इ. स. १९२५ मध्यें ती प्रसिद्ध झाली, आणि संपत्ति व वर्गभेद या विषयांवरील अभिजात कादंबऱ्यांत तिला आज जें स्थान आहे त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती कोष्टकाबद्दल. आम्ही धाराशिवास राहतों. आमच्या घरापासून कोसभर अंतरावर काळी जमीन सुरू होते. आणि या मुलखांत बसून ही कादंबरी वाचतांना त्या कोष्टकांतील एकही रंग आपल्या जागीं राहत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

पिवळाच घ्या. पैशानें नासलेल्या मनाचा हा रंग, असें कोष्टक सांगतें. तुळजापुरास भवानीच्या देवळाच्या वाटेवर हळदीकुंकवाचे ढीग रचून बसलेलीं दुकानें ज्यानें लहानपणापासून पाहिलीं, त्याच्या मनांत पिवळ्याचा पहिला अर्थ मंगल असाच उमटणार. आणि मुलीचे हात पिवळे करावयाचे म्हणजे कर्ज काढावें लागतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास त्याच पिवळ्यांत पैशाचा अर्थही दिसेल, पण तो सर्वस्वीं निराळ्या वाटेनें. हिरव्याची गोष्ट याहून मौजेची आहे. धक्क्यावर जळणारा हिरवा दिवा या कादंबरींत फार प्रसिद्ध आहे. त्याचें वर्णन वाचून आमच्याकडील गृहिणीस आधीं सुवासिनीचा हिरवा चुडा आठवेल. आणि ज्या स्त्रीच्या धक्क्यावर तो दिवा जळतो ती दुसऱ्याची विवाहिता आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आमची गृहिणी चुकीच्या वाटेनें अगदीं बरोबर ठिकाणीं पोहोंचली असें म्हणावें लागेल!

परंतु रंगांचे अर्थ देशोदेशीं भिन्न असतात एवढेंच सांगावयाचें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. आमचें म्हणणें याच्या पुढचें आहे. या कादंबरींतील रंग कोणत्या भावनेचे आहेत हें विचारण्याआधीं ते कोणाच्या मालकीचे आहेत हें विचारलें पाहिजे.

ज्यांनीं ही कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठीं तिचें कथानक थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. न्यूयॉर्क शहरानजीकच्या लाँग आयलंड या बेटावर एका खाडीच्या दोन तीरांवर दोन प्रकारचे श्रीमंत राहतात. एका तीरावर नव्यानें पैसा मिळविलेले, दुसऱ्यावर पिढ्यान् पिढ्या पैशांत वाढलेले. गॅट्सबी हा पहिल्या तीरावरचा. दारूबंदीच्या काळांत चोरट्या दारूच्या व्यापारावर त्यानें अफाट संपत्ति जोडली आहे, आणि ती सर्व एका स्त्रीच्या प्राप्तीसाठीं. तो कफल्लक लष्करी अधिकारी असतांना डेझीची आणि त्याची प्रीति जडली होती. तो युद्धावर गेला आणि इकडे तिनें टॉम ब्यूकॅनन या गडगंज घराण्यांतील पुरुषाशीं लग्न केलें. आतां तिच्या घरासमोर, खाडीच्या अलीकडे, त्यानें महाल घेतला आहे, आणि रात्रीं तिच्या धक्क्याच्या टोकाशीं जळणाऱ्या हिरव्या दिव्याकडे हात पसरून तो उभा राहतो. पुढें दोघांची भेट होते, एक अपघात घडतो, आणि त्या अपघाताचें प्रायश्चित्त ज्याचा अपराध नाहीं त्याच्या वाट्यास येतें. इ. स. १९२२ च्या उन्हाळ्यांतील ही सर्व हकीकत निक कॅरवे हा त्याचा शेजारी आपणांस सांगतो.

प्रथम त्या अपघाताच्या मोटारीकडे पाहूं. गॅट्सबीची ही मोटार आपल्यापुढें पहिल्यानें येते तेव्हां तिचा रंग दाट साईसारखा असल्याचें निक सांगतो. टॉमनें नादीं लावलेली मर्टल विल्सन ही गरिबाची बायको त्या मोटारीखालीं सांपडून मरते. शेजारचा उपाहारगृहवाला अपघात पाहतो आणि मोटारीचा रंग फिकट हिरवा होता असें पहिल्या पोलिसास सांगतो. दुसरा साक्षीदार ती पिवळी होती असें म्हणतो, आणि पुढें ती पिवळीच ठरते. मोटार एकच, धन्याच्या दारांत साईच्या रंगाची, संधिप्रकाशांत पळून जातांना हिरवी आणि प्रेत पडल्यावर पिवळी. हिरव्यांतली आशा आणि पिवळ्यांतला पैसा एकाच गाडीवर कसे मावले, याचा उलगडा कोष्टकवाल्यांनीं अवश्य करावा. आम्हांस यांत गूढ कांहीं दिसत नाहीं. मोटारींत बसणारास तिचा रंग एक दिसतो आणि तिच्याखालीं सांपडणाराच्या शेजाऱ्यास दुसरा, एवढेंच फिट्झजेरल्ड दाखवितो, आणि तें दाखवून गप्प बसतो. हा गप्प बसण्याचा गुण त्याच्या टीकाकारांत उतरला असता तर बरें झालें असतें.

एकदां ही दृष्टि आली कीं कादंबरींतील बहुतेक रंगांचा एक समान धर्म लक्षांत येतो. ते विकत घेतलेले आहेत. डेझीच्या भेटीस जातांना गॅट्सबी पांढरा फ्लॅनेलचा पोशाख, रुपेरी सदरा आणि सोनेरी गळपट्टी धारण करतो. पुढें एकदां तो गुलाबी पोशाख घालतो, तेव्हां गुलाबी पोशाख घालणारा मनुष्य ऑक्सफर्डचा कसा असेल, अशी टॉम त्याची कुचेष्टा करतो. मर्टल शहरांत येते तेव्हां चार भाड्याच्या मोटारी सोडून देते आणि पांचवी जांभळट रंगाची नवी गाडी पसंत करते. गरिबाच्या बायकोस निवड करण्याची संधि एका दुपारपुरती मिळाली आहे, आणि ती निवड रंगाची आहे. हा बारकावा टीकाकारांच्या नजरेस फारसा पडलेला नाहीं. आम्हांस मात्र तो हिरव्या दिव्याहून अधिक करुण वाटतो.

डेझीचा पांढरा रंग मात्र विकत घेतल्यासारखा दिसत नाहीं. माहेरीं असतांना ती शुभ्र वस्त्रें घाली आणि तिची लहानशी मोटारही पांढरीच होती. पिढीजात श्रीमंतीची खूण हीच कीं तिच्या रंगाची पावती कोणी मागत नाहीं. पांढरें वस्त्र पांढरें ठेवण्यास दुसऱ्या कोणाचे तरी हात रोज पाण्यांत बुडत असतात, ही गोष्ट कादंबरींत कोठेंही बोलून दाखविलेली नाहीं, आणि डेझीच्या तर ती स्वप्नांतही येणार नाहीं.

आतां गॅट्सबीच्या मुळाकडे जाऊं, कारण आमच्या मुलखांतील वाचकाच्या काळजास ही कादंबरी येथें भिडते. गॅट्सबी हें त्यानें स्वतः घेतलेलें नांव. मूळचा तो जेम्स गॅट्झ, नॉर्थ डाकोटा प्रांतांतील शेतकऱ्याचा मुलगा. आणि आईबाप शेतींत अपेशी ठरलेले. हें एका ओझरत्या वाक्यांत येऊन जातें. सतरा वर्षांचा हा मुलगा सुपीरिअर सरोवराच्या कांठीं भटकत असतो तेव्हां त्याच्या अंगांत एक फाटकी हिरवी जर्सी आणि जाड्याभरड्या कापडाची विजार असते. तेथें त्यास डॅन कोडी हा कोट्यधीश भेटतो. थोड्याच दिवसांत कोडी त्याला निळा कोट, सहा पांढऱ्या विजारी आणि नौकाविहाराची टोपी घेऊन देतो आणि आपल्या नौकेवर ठेवून घेतो. म्हणजे त्याच्या आयुष्यांतला पहिला हिरवा रंग डेझीच्या दिव्याचा नव्हे. तो त्याच्या स्वतःच्या अंगावरचा होता, आणि फाटका होता. निळा आणि पांढरा हे त्यास श्रीमंताकडून मिळालेले पहिले रंग. पुढें आयुष्यभर त्यानें जे रंग जमविले ते याच पहिल्या खरेदीची पुनरावृत्ति होत.

त्या जमवाजमवीचा कळस सदऱ्यांच्या प्रसंगांत आहे. डेझीस आपलें घर दाखवितांना गॅट्सबी कपाटांतून एकामागून एक सदरे काढून टेबलावर टाकतो. पोंवळ्याच्या रंगाचे, कोंवळ्या सफरचंदी हिरव्या रंगाचे, जांभळट, फिकट नारिंगी, आणि त्यांवर हिंदुस्थानी निळ्या रंगांत काढलेलीं त्याचीं नामाक्षरें. त्या ढिगांत तोंड खुपसून डेझी रडूं लागते. तिच्या रडण्याच्या कारणांची मीमांसा पुष्कळांनीं केली आहे. आमचें लक्ष त्या नामाक्षरांकडे जातें. हिंदुस्थानी निळा म्हणजे आपली नीळ. ती बंगालच्या रयतेकडून कोणत्या रीतीनें पिकवून घेतली गेली तें दीनबंधु मित्र यांच्या 'नीलदर्पण' (१८६०) या नाटकानें जगापुढें मांडलें, आणि तिच्याच पायीं गांधीजींस इ. स. १९१७ मध्यें बिहारांतील चंपारण्यांत जावें लागलें. जर्मनींत तयार झालेली कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारांत आली होती, त्यामुळें गॅट्सबीच्या सदऱ्यावरची नीळ बहुधा कारखान्यांतीलच असावी. नांव मात्र हिंदुस्थानचें राहिलें. श्रीमंताच्या अंगावर दूरच्या मुलखाचा रंग चढण्याची ही रीत जुनी आहे. आमच्या जिल्ह्यांतील तेर, म्हणजे पूर्वींचें तगर, येथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे, असें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक वृत्तान्तांत नमूद आहे. तें नेसणारास तगर कोठें आहे हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

गॅट्सबीच्या मेजवान्यांचें वर्णन करतांना फिट्झजेरल्डनें एक तपशील दिला आहे, त्यापाशीं आम्ही प्रत्येक वाचनांत थबकतों. दर शुक्रवारीं न्यूयॉर्कच्या फळवाल्याकडून संत्र्यांच्या आणि लिंबांच्या पेट्या येतात, आणि दर सोमवारीं तींच फळें गर काढून घेतलेल्या अर्धुकांचा ढीग होऊन मागील दारानें बाहेर पडतात. स्वयंपाकघरांत एक यंत्र आहे. नोकराच्या अंगठ्यानें त्याची कळ दोनशें वेळां दाबली कीं अर्ध्या तासांत दोनशें संत्र्यांचा रस निघतो. संत्र्याच्या केशरी रंगाचा कोष्टकांत पत्ता नाहीं, कारण तो प्रतीक म्हणून वापरलेला नाहीं. तो फक्त पिऊन टाकलेला आहे. तीं संत्रीं कोणीं पिकविलीं, त्यांस त्या आठवड्यांत काय भाव मिळाला, हें कादंबरी विचारीत नाहीं. तिचा निवेदक निक हाही अमेरिकेच्या मध्यप्रदेशांतला, गव्हाच्या मुलखांतला. परंतु आपला प्रदेश म्हणजे गहूं नव्हे, माळरानें नव्हेत, असें तो स्वतःच बजावतो आणि नाताळांतल्या आगगाड्यांच्या, घंटांच्या आठवणी सांगूं लागतो. ज्या वर्षीं हीं संत्रीं पिळलीं जात होतीं त्याच सुमारास, इ. स. १९२० नंतरच्या मंदींत, अमेरिकेंत गव्हाचे भाव निम्म्यावर आले होते.

मग कादंबरींत शेत नाहींच काय? एक आहे. न्यूयॉर्क आणि लाँग आयलंड यांच्या वाटेवर राखेचें एक विस्तीर्ण मैदान लागतें. मर्टलचा नवरा विल्सन तेथेंच मोटार-दुरुस्तीचें दुकान चालवितो. तीं माणसें करडीं, त्यांच्या गाड्या करड्या, हवाही करडी. हें मैदान केवळ कल्पनेंतलें नव्हे. क्वीन्स भागांतील कोरोना येथें शहराची राख खरोखरच टाकीत असत, आणि इ. स. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं ती जागा साफ करण्यांत आली. या मैदानाचें वर्णन करतांना फिट्झजेरल्डला जी उपमा सुचली ती शेताची आहे: जेथें राख गव्हासारखी उगवते असें एक विलक्षण शेत. सबंध पुस्तकांत डोळ्यांसमोर उभें राहणारें शेत हें एवढेंच. कादंबरीच्या रंगसृष्टीचें मर्म सांपडतें तें आमच्या मतें येथें. शेतकऱ्याच्या मुलानें जे रंग विकत घेतले ते सगळे खाडीच्या कांठावर गेले, आणि पिकवणाराच्या वाट्यास राख आली. लेखकास हें ठाऊक होतें. ठाऊक नसतें तर त्यास ही उपमा सुचली नसती.

हिरव्या दिव्याविषयीं एवढेंच सांगतों कीं त्याच्या अर्थापेक्षां त्याचा भाव अधिक विचार करण्याजोगा आहे. डेझी गॅट्सबीच्या शेजारीं येऊन उभी राहते त्या क्षणीं तो दिवा पुन्हा एक साधा दिवा होतो, आणि मंतरलेल्या वस्तूंत एकीची घट झाली असें निकला वाटतें. आमच्या आडत बाजारांत हें कोणासही समजावून सांगावें लागणार नाहीं: माल दूर असतो तोंवर भाव चढा, आवक झाली कीं पडला. कादंबरीच्या अखेरीस निकला त्या बेटाची पहिली हिरवाई आठवते, डच खलाशांस दिसलेली. आणि ती झाडें गॅट्सबीच्या घरासारख्या घरांसाठीं तोडलीं गेलीं, हेंही तो नमूद करतो.

याच्या उलट बाजूनें, म्हणजे विकणाराच्या बाजूनें, रंगाकडे पाहणारें वाङ्मय आमच्या जिल्ह्यांत निर्माण झालें आहे. येथल्या गांवगाड्यांत संपत्तीची वांटणी मुळांतच दोन रंगांच्या नांवांनीं केलेली होती. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळून पांढुरकी झालेली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथांत ही जोडी अभ्यासूंस सांपडेल. काळी पिकवी आणि पांढरी वांटून खाई. आणि ज्यास मातींत हात घालावा लागत नाहीं अशा मनुष्यास मराठीनें कोणतें नांव दिलें? पांढरपेशा. हें मासिक घेणारे वाचक आणि आम्ही लिहिणारे, आपण सर्व त्याच रंगाचे लोक आहों. डेझीच्या शुभ्र वस्त्रांस नांवें ठेवण्यापूर्वीं हें आठवलेलें बरें.

कळंब तालुक्यांतील हासेगांव हें भास्कर चंदनशिव यांचें जन्मगांव. त्यांच्या कथासंग्रहांचीं नांवेंच पाहा: 'जांभळढव्ह', 'अंगारमाती'. एकांत जांभूळ आहे, दुसऱ्यांत निखारा आहे. आणि पहिल्यास पाणी व दुसऱ्यास माती जोडलेली आहे. त्यांची 'लाल चिखल' ही कथा शालेय पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोहोंचली आहे, त्यामुळें ती सांगत बसण्याचें कारण नाहीं. शेतकरी टोमॅटो घेऊन बाजारांत येतो, भाव कोसळलेला, घेणारे कवडीमोलानें मागतात, आणि शेवटीं तो स्वतःच्या हातानें पिकविलेलीं फळें स्वतःच्याच पायांखालीं तुडवतो. बाजारांत लाल चिखल होतो. गोष्ट एवढीच.

एका महाविद्यालयांतील कांहीं उत्तरपत्रिका चाळण्याचा योग आम्हांस एकदां आला. शीर्षकांतील लाल रंग कशाचें प्रतीक आहे, असा पांच गुणांचा प्रश्न होता. बहुतेकांनीं रक्त लिहिलें होतें, कित्येकांनीं क्रान्ति, कांहींनीं दोन्ही लिहून सुरक्षितता साधली होती. एका विद्यार्थ्यानें मात्र लिहिलें होतें कीं हा टोमॅटोचा रंग आहे, आणि फळ लाल होणें हीच यांतली खरी अडचण आहे. कारण हिरवट असतें तर आणखी दोन दिवस धरून ठेवतां आलें असतें, पूर्ण लाल झालेलें फळ त्याच दिवशीं विकावें लागतें, आणि हें घेणारास ठाऊक असतें. पुढें त्यानें कॅरेटचा भाव आणि गाडीभाडें यांचा हिशेबही मांडला होता. त्यास पांचांपैकीं एक गुण मिळाला होता. तपासणारांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्यापुढें कोष्टक होतें.

त्या मुलाचें उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस सोडीना. लाल म्हणजे रक्त, असें म्हणतांना आपण काय करतों? टोमॅटो बाजूस सारतों आणि त्याच्या जागीं आपणांस अधिक भारदस्त वाटणारी वस्तु ठेवतों. शेतकऱ्याचा माल जसा आहे तसा आपल्यास नको असतो. त्याचें प्रतीक करून दिलें तर आपण तो घेतों. बाजारांत त्याला कमी भाव देणारा व्यापारी निदान फळाकडे बघून तरी भाव करतो! पिकलेल्या फळाचा लाल रंग ही काळाची मुदत आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो थांबूं शकतो, आणि ज्याच्याजवळ फक्त पिकलेला माल आहे तो थांबूं शकत नाहीं. गॅट्सबी पांच वर्षें थांबला, कारण त्याच्याजवळ पैसा येत होता. या शेतकऱ्यास संध्याकाळपर्यंतही थांबतां येत नाहीं. वर्गभेद म्हणजे काय, हें रंगाच्या आधारें याहून स्वच्छ कसें सांगावें, हें आम्हांस सुचत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, एका जगप्रसिद्ध कादंबरीची गांठ एका लहानशा कथेशीं घालणें न्याय्य नव्हे. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. कादंबरींत रंग फिरतात, बदलतात, एकाच मोटारीवर तीन येतात. कथेंत एकच रंग एकदांच येतो. कादंबरीच हवी असेल तर, लातूर जेव्हां याच जिल्ह्यांत होतें त्या काळांतील रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) आहे, जिच्या शीर्षकांतला रंगच वाळून गेला आहे. पण तिच्याविषयीं स्वतंत्रपणें लिहावें लागेल. शिवाय 'लाल चिखल' ही कथा निर्दोष आहे असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तिचें शीर्षक हा तिचा दोष आहे. शेवटीं जें दिसावयाचें तें शीर्षकानें आधींच दाखविलेलें असल्यामुळें वाचक पहिल्या ओळीपासून चिखलाची वाट पाहूं लागतो, आणि फळ ताजें असतांनाच तें तुडविलेलें त्याच्या डोळ्यांसमोर येतें. प्रतीक शोधणारांस आयतें खाद्य देण्याचें पाप त्या शीर्षकाकडेच जातें. फिट्झजेरल्डनें आपल्या पुस्तकासाठीं पुष्कळ नांवांचा विचार केला, आणि राखेवरून व अमेरिकन ध्वजाच्या रंगांवरून घेतलेलीं नांवेंही त्याच्या मनांत घोळत होतीं. शेवटीं पुस्तकास नायकाचेंच नांव राहिलें तें फार उत्तम झालें.

पण दोष दाखवूनही एक गोष्ट उरते. गॅट्सबीच्या मागील दारानें बाहेर पडणारा सालींचा ढीग आणि बाजारांतला हा चिखल या दोन्ही ठिकाणीं फळ चिरडलें गेलें आहे. पहिल्या ठिकाणीं गर कोणीतरी पिऊन गेलें, फक्त सालें राहिलीं, आणि तीं कोणाच्या नजरेस पडूं नयेत म्हणून मागील दार आहे. दुसऱ्या ठिकाणीं गर, रस, बी, साल सर्व तेथेंच, सर्वांच्या वाटेंत, ज्यानें पिकविलें त्याच्या पायांस लागलेलें आहे. बाजारांतल्या कोणासही तें न तुडवितां पुढें जातां येणार नाहीं. तेव्हां एकच रंग एकदांच आला म्हणून कथेची बाजू उणी ठरत नाहीं. जातां जातां हेंही सांगावें कीं टोमॅटो हें फळ मूळचें अमेरिका खंडांतलें. ज्या नव्या जगाच्या हिरवाईकडे ते डच खलाशी डोळे विस्फारून पाहत होते, तेथलेंच तें फिरत फिरत कळंबच्या काळींत येऊन रुजलें.

गॅट्सबीचा बाप कादंबरींत फार उशिरा येतो. मुलगा मेल्याचें वर्तमानपत्रांत वाचून, अंत्यविधीपुरता. ऊबदार दिवस असतांही त्याच्या अंगांत एक लांब, स्वस्त, जाड कोट आहे, आणि दाढी विरळ व करडी. खिशांतून तो मुलाच्या महालाचें एक छायाचित्र काढून निकला दाखवितो. कडा फाटलेल्या, पुष्कळ हातांनीं मळलेलें. त्या घराकडे प्रत्यक्ष पाहण्यापेक्षां छायाचित्रांतलें घर त्यास अधिक खरें वाटत असावें, असें निकला वाटतें. एवढा सगळा रंगांचा बाजार मांडणाऱ्या लेखकानें शेतकऱ्याच्या हातीं जें चित्र दिलें, त्यांत एकही रंग सांगितलेला नाहीं. आणि डॅन कोडीनें निळा कोट घेऊन दिला त्या दिवशीं ती फाटकी हिरवी जर्सी कोठें गेली, हेंही त्यानें सांगितलेलें नाहीं.